खोलगट पथरी

“युनूस, दाढी करून राह्यला का कापूस येचून राह्यला बे?”

फय्याजसेठ असे ओरडले की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. युनूसने वस्तरा बाजूला घेतला, सेठच्या गालाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात कबूल केलं की सेठचं काही चुकलं नाही. अर्धे केस निघाले होते, अर्धे जागच्या जागी उभे होते, आणि जे निघाले होते ते उपटल्यासारखे निघाले होते. सेठच्या डोळ्यांत पाणी होतं. रिसोडच्या बाजारात कापसाच्या भावावरून भल्याभल्यांना रडवणारा हा माणूस सकाळी सकाळी हज्जामापुढे बसून डोळे पुसत होता.

“दमानं घ्या सेठ. वस्तरा जरा नाराज हाये आज.”

“आज? मांगच्या खेपेले बी नाराज होता. तुह्या वस्तऱ्याची मर्जी सांभाळू का माहा गाल सांभाळू?”

युनूसने वस्तरा चामड्यावर दोनदा फिरवला. तो मुळातच कमी बोलणारा, आणि अलीकडे तर फार दमलेला माणूस होता. कशाने दमला असं कुणी विचारलं असतं तर त्याला नीट सांगता आलं नसतं. आजाची हत्यारांची धोकटी बापाच्या खांद्यावर आली, बापाची त्याच्या खांद्यावर, आणि गावभर फिरून लोकांच्या हनुवट्या वर करता करता त्याची स्वतःची मान कायमची खाली झुकली. दुपारी जेवून घटकाभर आडवं व्हायचं, एवढं एकच सुख त्याने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. ते मात्र तो कुणाच्या बापाला सोडत नसे.

सेठने पंच्याने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. सेठ ओरडत तोवर ठीक असे. आवाज खाली आला की लोक घाबरत.

“आइक. येत्या जुम्म्याले कामरगावले चांदचा निकाह हाये. सोयरे नाक वर करून चालणारे लोक हायेत. माह्या पोराच्या गालावर एक ओरखडा दिसला, तं ते म्हणतीन, रिसोडवाल्यानं नवरदेव बोराटीतून वढत आणला. वस्तऱ्याचं पाह्य काहीतरी. नाही तं मी शालिग्रामले बोलावतो.”

शालिग्राम हा अकोल्याला काही वर्षं काढून आलेला जवान न्हावी. त्याने चौकात दुकान मांडलं होतं आणि दुकानात फिरती खुर्ची आणली होती. गिऱ्हाईक बसलं की दाढीच्या आधी तो त्याला एकदा गोल फिरवून दाखवी. काही लोक दाढी नसतानाही जाऊन बसत.

खरं सांगायचं तर शालिग्रामचं नाव ऐकून युनूसला आधी बरंच वाटलं. करू दे बापड्याला, असं त्याचे दुखरे गुडघे म्हणाले. पण लगेच त्याला घरवाली रहमतबी आठवली, आणि ते बरं वाटणं तिथेच विरलं.

गोष्ट अशी होती की सेठने वरातीसाठी मोटार ठरवली होती. नवरदेवाची हजामत करील त्या हज्जामाने नवरदेवाबरोबर जायचं आणि त्याच्या घरवालीने बायकांत बसायचं, हा त्या घराचा बैलगाडीच्या काळापासूनचा रिवाज. तो मोटारीलाही लागू झाला होता. आणि कामरगावला रहमतबीची धाकटी बहीण फरहत दिलेली होती. एवढ्या लांब जायचं कुणाच्या जिवावर, म्हणून दोघी बहिणींची कित्येक वर्षांत भेट नव्हती. फरहतला मुलं झाली, ती मोठी झाली, एक पोरगी तर म्हणे अगदी मावशीचं तोंड घेऊन आली आहे, हे सगळं रहमतबीने येणाऱ्याजाणाऱ्यांकडून नुसतं ऐकलं होतं. सेठच्या घरी मोटार ठरल्याचं कळलं त्या दिवशी ती चुलीपाशी बसून रडली, मग तोंड धुऊन बहिणीसाठी गोधडी शिवायला बसली.

गोधडीला कापड म्हणून तिने घरातले जुने कोट, सदरे, एक अब्रू गेलेली शेरवानी, सगळं बाहेर काढलं होतं. त्या कपड्यांचे टाके उसवायला तिने युनूसकडे कात्री मागितली, तेव्हा युनूसने एरवी नसलेला कडकपणा आणून सांगितलं होतं, “केसाची कात्री कापडाले लावली का मरते. कात्रीले हात लावायचा नाही.” रहमतबी शब्दाची पक्की. तिने कात्रीला हात लावला नाही.

युनूस घरी आला तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. त्याने धोकटी खुंटीला टांगली आणि सेठचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. दोरा सुईच्या नेढ्यापाशी थांबला.

“म्हणजे आपली मोटार गेली?”

“अजून नाही गेली. वस्तरा लागला तं हाये, नाही लागला तं गेली.”

“मंग लावा नं धार!”

“रोज घरी आलो का लावतो वो. पथरीवर घासू घासू खांदा उतरला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं पुन्हा जशाचा तसा बोथट. म्हातारा झाला असन वस्तरा. मी नाही का झालो?”

रहमतबीने गोधडीकडे पाहिलं, मग वस्तऱ्याच्या धोकटीकडे पाहिलं. तिने पुन्हा दोरा ओवला.

तेवढ्यात रंगराव आला. रंगराव हा गावाबाहेरच्या नाल्याकाठी मळा करणारा माळी. वांगी, मेथी, मिरची लावायचा, बाजारात विकायचा आणि उरलेला वेळ लोकांना सल्ला देण्यात घालवायचा. सल्ल्याचं पीक त्याच्याकडे बारमाही असे. युनूसचा तो जुना गिऱ्हाईक आणि त्याहून जुना दोस्त.

“पथरी दाखव,” सगळं ऐकून तो म्हणाला.

युनूसने धोकटीतून पथरी काढली. आजाने हैद्राबादेहून आणलेली ती हिरवट काळी, वीतभर लांबीची. तीन पिढ्यांचे वस्तरे तिच्या अंगावरून गेल्यामुळे ती मधोमध खोलगट झाली होती. रंगरावने लोट्यातलं पाणी तिच्यावर ओतलं. पाणी वाहून गेलं नाही, तिथेच छान तळं करून थांबलं.

“पाह्य! इच्यात तं चिमणी आंघोळ करीन. अशा खड्ड्यात वस्तरा कसा लागंन? पथरी सपाट पायजे, सपाट. पाट्यावर घास. पाणी टाक, चिमूटभर रेती टाक, अन् घास.”

युनूसला पटलं. खरं म्हणजे पटलं असं नाही, पण विरोध करायला जी ताकद लागते ती त्याच्यात उरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी रहमतबी पाण्याला गेल्याची संधी साधून त्याने चुलीजवळचा पाटा ओढून घेतला आणि घासायला बसला. करकर करकर आवाज निघू लागला. काळपट राड पाट्यावरून ओघळू लागली. तळहात लाल झाले, कमरेत उसण भरली, पण युनूस थांबला नाही. हाडं मोडून काम करताना त्याच्या डोळ्यांपुढे कामरगावच्या दारात उभी असलेली फरहत येत होती, आणि ती दरवेळी रहमतबीसारखीच दिसत होती.

रहमतबी घागर घेऊन आली तेव्हा त्याने पथरी विजयाने वर धरली. तिच्यावर पाणी ओतलं. पाणी थांबलं नाही, दोन्ही अंगांनी भराभर वाहून गेलं.

“गेला खड्डा!”

“अन् हे काय?” रहमतबी पाट्याकडे पाहत होती.

पाटा गुळगुळीत झाला होता. गेल्याच बाजारी पाथरवटाकडून टाकी लावून घेतलेला, चांगला खरखरीत पाटा. तिने त्याच्यावर लसणाची पाकळी ठेवली आणि वरवंटा फिरवला. पाकळी वरवंट्याखालून सटकली आणि थेट अंगणात जाऊन पडली. दुसरी पाकळी तिच्यामागून गेली. संध्याकाळच्या चटणीत मिरचीचे अख्खे तुकडे होते आणि दाताखाली रेती कचकचत होती. रहमतबीने ती मुकाट्याने खाल्ली. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण मोटारीचा प्रश्न होता.

पाटा मुळातच वर्षानुवर्षं वाटून वाटून मधोमध बसलेला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. बसलेल्या पाट्यावर घासलेली पथरी सपाट कशी होईल? तिचा खड्डा गेला खरा, पण त्याच्या जागी पोट आलं. सकाळी युनूसने वस्तरा तिच्यावर ठेवला तर तो पाळण्यासारखा दोन्ही बाजूंना झुलू लागला. तरी त्याने कसाबसा घासला, चामड्यावर फिरवला, आणि रंगराव दाढीला येऊन बसला तेव्हा अल्लाचं नाव घेऊन त्याच्या गालावर ठेवला.

पहिला हात बरा गेला. दुसराही गेला. “लागून राह्यला पाह्य,” रंगराव समाधानाने म्हणाला. “माहा सल्ला कधी वाया…”

तो तिथेच थांबला. त्याच्या चेहऱ्यावर आधी शंका आली, मग आश्चर्य, मग त्याने बसल्या जागेवरून उडी मारली.

“आग! आग! अबे काय लावलं तू मले? तोंड पेटलं माहं!”

अर्ध्या तोंडाला साबण, अर्धं लालबुंद, असा रंगराव गल्लीतून धावत सुटला आणि शेजारच्या गोठ्यातल्या हौदात मान बुडवून उभा राहिला. हौदावरच्या म्हशीने पाणी पिणं थांबवून त्याला जागा करून दिली. युनूस मागे गेला, वस्तरा हातात तसाच. लोकांनी दारं लावून घेतली.

कारण घरी आल्यावर उमगलं. रोज मिरची वाटायच्या पाट्यावर पथरी घासली, पाट्याच्या पोटातली मिरची पथरीत गेली, पथरीतली वस्तऱ्याला लागली आणि वस्तऱ्याने ती इमानेइतबारे रंगरावच्या गालापर्यंत पोचवली.

“कोणत्या मिरच्या होत्या वो भाभी?” ओल्या पंच्यातून रंगरावने विचारलं.

“तुमच्याच मळ्यातल्या भाऊ. तुमीच तं म्हणत होते, अशी तिखट मिरची साऱ्या वाशिमात भेटणार नाही.”

रंगरावने पंचा गालावर घट्ट दाबला. त्याला वाईटही वाटलं असावं आणि बरंही. पण सल्ला देणारा माणूस एका सल्ल्याने थकत नाही. “पाट्याचा नाद सोड,” तो म्हणाला. “माह्या विहिरीवर धुण्याचा दगड हाये. तिथी मिरची नाही, काही नाही. साबणाचं पाणी, पथरी धुऊन बी निघन.”

मग दोघं विहिरीवर गेले. धुण्याचा दगड पाणी वाहून जावं म्हणून उतरता बसवलेला आणि धोपटून धोपटून खडबडीत झालेला. युनूसने त्याच्यावर दुपार घालवली. दुपार, म्हणजे त्याची झोपेची वेळ. पथरीची मिरची गेली, पण आता ती एका बाजूला कलती झाली, आणि तिची काळी राड वाहत वाहत खालच्या गवतावर वाळत घातलेल्या रंगरावच्या धोतरावर गेली. रंगरावची बायको सीताबाई विहिरीवर आली, तिने धोतर उचललं, उन्हात धरलं आणि दोघांकडे पाहिलं.

“तुमी दोघं लहानपणापासून असेच, का आता झाले?”

“अवो, पथरी सपाट करून राह्यलो,” रंगराव म्हणाला.

“अन् सपाट करायले वाकडा दगड घेतला? साऱ्या रिसोडात सपाट असं एकच हाये. फय्याजसेठचा नवा ओटा. शहाबादी फरशी बसवली लग्नासाठी. त्याच्यावर पाणी सांडलं तं कोणीकडं जावं हे पाण्याले समजत नाही.”

युनूसने डोळे मिटून घेतले. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्याचा त्याला आता फार त्रास होऊ लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेठ जेवून झोपले असतील अशा अंदाजाने तो त्यांच्या दारी गेला. ओटा खरोखरच एकसारखा होता. युनूसने एक कोपरा निवडला, लोट्यातून पाणी टाकलं, बारीक रेती टाकली आणि आवाज होऊ नये म्हणून हलक्या हाताने घासू लागला. पथरीचं पोट जात होतं, कल जात होता. खालची फरशीही तेवढ्या जागी घासून अशी तुकतुकीत निघाली की तिच्यात लिंबाचं पान न् पान दिसायला लागलं. युनूसने हे पाहिलं आणि त्याच्या अंगाला घाम फुटला. नव्या ओट्यावर, लग्नाच्या तोंडावर, हा ताटाएवढा डाग! तो पुसावा म्हणून त्याने आणखी घासलं. डाग परातीएवढा झाला.

“काय करून राह्यला रे?”

सेठ दारात उभे होते. युनूस उठायला गेला, पण कमर उठली नाही. खोटं बोलायला डोकं ताजं लागतं, तेही नव्हतं.

सेठ खाली वाकले. त्या चकचकीत कोपऱ्यात त्यांना स्वतःची दाढी दिसली. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

“सुभानअल्ला,” ते म्हणाले. “आरसा केला रे! मी म्हणत होतो, घरातलं कोणी लग्नासाठी काही करून नाही राह्यलं, अन् हा पाह्य, न सांगता येऊन बसला. पण एवढाच कायले केला?”

“सेठ, ते…”

“सारा ओटा कर. उद्या सांजच्याले नवरीचे मामा आपल्याले न्यायले येऊन राह्यले. त्याहिले दिसलं पायजे, रिसोडात काय चीज हाये.”

युनूसने ओट्याच्या त्या टोकाकडे पाहिलं. ते फार लांब होतं. एका टोकाला बैल बांधले तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला त्यांच्या घंटा ऐकू येऊ नयेत, असं त्याला त्या वेळी वाटलं. पण नाही म्हणावं तर इथे काय करत होतास, हा प्रश्न आलाच असता. त्याने पथरी पुन्हा फरशीला लावली.

ती दुपार गेली, दुसरा दिवस उजाडला आणि तोही गेला. रहमतबी पाण्याच्या घागरी आणून ओतत होती. रंगराव रेती चाळून देत होता आणि कुठे राहिलं ते बोटाने दाखवत होता. येणारेजाणारे थांबून बघत. “हज्जामानं ओट्याची दाढी चालवली,” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. युनूसला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. ढोपरं सोलली होती, बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं, आणि पथरी फरशीइतकीच झिजत चालली होती. शेवटची फरशी संपली तेव्हा ती पथरी उरली नव्हती. तीन पिढ्यांचा दगड भाकरीएवढा पातळ झाला होता. पण सपाट! असा सपाट की त्याच्यावर ठेवलेला थेंब कोणीकडेच गेला नाही.

“आता धार लागंन,” रहमतबी म्हणाली. तिने त्याच्या बोटांना हळद लावली. गोधडी पूर्ण होऊन गाठोड्यात गेली होती.

जुम्म्याच्या आदल्या दिवशी सकाळी वरात निघायची होती. उजाडताच युनूस पथरी घेऊन बसला. वस्तरा ठेवला, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की आपण काय करून बसलो. इतकी वर्षं खोलगट पथरीवर घासला गेलेला वस्तरा त्या खोलगटपणालाच बेतलेला होता. त्याच्या धारेला पोट होतं. सपाट पथरीवर तो मधोमध तेवढा टेकत होता, दोन्ही टोकं अधांतरी. पथरी बदलली, पण वस्तऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ओट्यावर चौरंग मांडून चांदला बसवलं होतं. पोरगा गोड होता, लहानपणी पहिलं जावळ युनूसनेच काढलेलं. मोटार दारात उभी होती. नवरीचे मामा, पांढऱ्या दाढीचे, ओट्याच्या कडेला बसून फरशीत आपला फेटा पाहत होते. युनूसने साबण लावला, वस्तरा उघडला आणि हात वर नेला. दगड घासून घासून दंडातलं त्राणच गेलं होतं. वस्तऱ्याचं टोक पिंपळाच्या पानासारखं हलत होतं.

“काका,” चांद हळूच म्हणाला, “तुमचा हात कापून राह्यला.”

युनूसने वस्तरा मिटला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. याच दारात त्याने सेठना नवरदेव केलं होतं आणि तेव्हा गालावर हात फिरवून सेठचे म्हातारे वडील म्हणाले होते, रेशीम केलं पोरानं. “सेठ,” तो म्हणाला, “शालिग्रामले बोलवा. माह्याच्यानं होत नाही.”

सेठने त्याच्याकडे न पाहताच गल्लीतल्या एका पोराला चौकात पळवलं, हे जास्त लागलं. शालिग्राम आला, पेटी हातात, पायात करकरणारे बूट. त्याने ओट्यावर पाय ठेवला मात्र, आणि तो पाय थांबलाच नाही. शालिग्राम पेटी छातीशी धरून उभ्याउभ्याच घसरत निघाला, बायकांच्या घोळक्यापुढून गेला, मामांच्या फेट्याला चाटून गेला आणि नेमका चौरंगापाशी येऊन चांदच्या खांद्याला धरून थांबला. मग त्याने जणू हीच अकोल्याची पद्धत आहे अशा थाटात पेटी उघडली आणि घटकेत दाढी उरकली. दाढी चांगली झाली. युनूसने ती बारकाईने पाहिली आणि मनाशी मान्य केली.

तो घरी आला. रहमतबी हिरवं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. त्याचं तोंड पाहून तिला समजलं. ती उठून आत गेली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली. ती रडली असती तर युनूसला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “पाटा धुऊन ठेवते. चटणी करू काय?”

तेवढ्यात भोंगा वाजला. गल्लीच्या तोंडाशी मोटार उभी, आणि तिच्यातून सेठ अर्धे बाहेर लोंबून ओरडत होते.

“युनूस! अबे चाल! रहमतबीले घे!”

“पण शालिग्राम?”

“त्याचं काम झालं, तुहं बाकी हाये. मामाहिनं ओटा पाह्यला. त्याहिच्या कामरगावच्या घरी बी नवी फरशी बसवली. म्या जबान देली, आमचा माणूस तुमाले बी आरसा करून देईन म्हणून. निकाह ठरला तवा बी एवढे खूश नोयते झाले. थो दगड घे संगं!”

युनूसने आपल्या हळद लावलेल्या हातांकडे पाहिलं. मागे पाहिलं तर रहमतबी गाठोडं पुन्हा बांधून, दाराला कडी घालून, त्याच्या आधी मोटारीपाशी पोचलेली होती.

मोटारीत पुरुष पुढे, बायका मागे, मधे चादरीचा पडदा. पडद्याला टेकूनच युनूसला जागा मिळाली. रस्त्याची धूळ आत येत होती, मोटार खडखडत होती आणि मामा शेजाऱ्याला सांगत होते की आपला ओटा सेठच्या ओट्यापेक्षा थोडा मोठाच आहे, अंगणालाही फरशी आहे. पडद्याच्या फटीतून एक हात आला आणि युनूसच्या मांडीवर गोधडी ठेवून गेला.

“अजी, बसायले घ्या. कमर दुखत असन,” पडद्यामागून रहमतबी म्हणाली. आवाजातच ती हसत असल्याचं कळत होतं. “पाह्यली का तुमी, नीट? फरहतले आवडंन?”

युनूसने गोधडीवरून हात फिरवला. बापाचा कोट, आपला सदरा, शेरवानीची बाही. कापडाची एकही कड फाटलेली नव्हती, टाके कसे अलगद सुटलेले.

“चांगली झाली. एवढे टाके कशानं उसवले वो?”

पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

“तुमच्या वस्तऱ्यानं.”

“कवा?”

“रोज दुपारी. तुमी झोपले का. तुमी घरी येऊन धार लावून ठेवत होते नं, मंग लय सरसर चाले. कात्रीले हात लावू नको म्हणे तुमी. वस्तऱ्याचं काही बोलले नोयते.” मग अगदी हळू, “राग आला?”

युनूसने खिडकीबाहेर पाहिलं. आजाची पथरी निर्दोष होती. वस्तराही निर्दोष होता. पाटा, रंगरावचा गाल, विहिरीवरचं धोतर आणि तो लांबच लांब ओटा, सगळे निर्दोष होते. राग शोधायला तो आत आत गेला, पण तिथे फक्त झोप होती, बऱ्याच दुपारांची साठलेली. त्याने गोधडीची एक कड उजेडात धरली आणि टाक्यांच्या जागा पुन्हा एकदा निरखल्या.

“धागा कसा कापला पाह्य. कापडाले धक्का बी नाही,” तो म्हणाला. “म्हणजे धार होती.”

“होती तं! मी का खोटं बोलून राह्यली?”

युनूसने गोधडी अंगावर ओढली आणि पडद्याला डोकं टेकवलं. पलीकडून तिचा खांदा डोक्याखाली आला आणि तिथेच राहिला.

“ओटा दिसला का उठव,” तो म्हणाला.